पेटीच्या आधी अंगण : लहान मुलांना बाहेरच्या आवाजांतून संगीत कसं शिकवायचं

“बाई, मुलगी पाच वर्षांची झाली, आता पेटीच्या क्लासला घालू का?” साताऱ्यात दर जूनमध्ये हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. घाला, पण वर्षभर थांबून घाला, आणि ते वर्ष तिला आवाज ऐकायला बाहेर न्या. पालकांना वाटतं, बाई टाळतायत. खरं सांगायचं तर स्वरांची नावं शिकणं ही संगीतातली बरीच पुढची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे दोन आवाजांतला फरक कळणं. त्यासाठी अंगण, शेताचा बांध, नदीचा घाट या जागा बंद खोलीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

आधी थोडं शास्त्र पाहू. कुठलाही आवाज म्हणजे कशाची तरी थरथर. देवळातली घंटा थरथरते, तिच्याभोवतीची हवा थरथरते, ती थरथर कानाच्या पडद्यावर येऊन आदळते, पडद्यामागची तीन इवली हाडं ती पुढे नेतात आणि आतल्या कानातल्या केसपेशी तिचा विजेचा संदेश करून मेंदूकडे धाडतात. आतल्या कानाचा हा भाग माणसाला जन्मतःच पूर्ण आकाराचा मिळतो. आईच्या पोटातलं बाळसुद्धा शेवटच्या तीन महिन्यांत बाहेरचे आवाज ऐकत असतं. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचं ऐकण्याचं यंत्र तयारच आहे. घडायचं राहिलेलं असतं ते मेंदूतलं काम : आलेल्या आवाजांची वर्गवारी करणं, बारीक फरक टिपणं, ऐकलेलं थोडा वेळ लक्षात धरून ठेवणं. हे काम भरपूर आणि तऱ्हेतऱ्हेचं ऐकूनच होतं.

संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षांना बसणारी मुलं नादाचे तीन गुण पाठ करतात. नादाची उच्चनीचता, नादाचा लहानमोठेपणा आणि नादाची जात. एका सेकंदात किती वेळा थरथर होते त्यावर आवाज वरचा की खालचा हे ठरतं, ती उच्चनीचता. थरथर किती जोरात होते तो लहानमोठेपणा. आणि एकाच सुरात, एकाच जोरात वाजूनही सनई ती सनई आणि बासरी ती बासरी का वाटते, तर प्रत्येक आवाजात मुख्य सुराबरोबर आणखी बरेच बारीक सूर मिसळलेले असतात. त्यांचं प्रमाण वाद्यागणिक बदलतं. ती जात. संगीतातलं पुढचं जवळजवळ सगळं या तिन्हींवर आणि चौथ्या एका गोष्टीवर, म्हणजे काळावर, उभं आहे. मुलं ही व्याख्या घडाघडा म्हणतात, पण त्यातला एकही गुण त्यांच्या हाताला लागलेला नसतो. तो हाताला लावायचा, एवढंच आपलं काम.

वर आणि खाली

यातली सगळ्यात अवघड गोष्ट उच्चनीचता. मोठ्यांना ती इतकी अंगवळणी पडलेली असते की मुलाला ती कळत नाही हेच आपल्या ध्यानात येत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला “वरचा आवाज काढ” म्हटलं की ते ओरडतं. त्याच्या लेखी वर म्हणजे जोरात, खाली म्हणजे हळू. टीव्हीचा आवाज वर-खाली होतो, त्यावरून त्याने हे शिकलेलं असतं. हा गोंधळ सुटल्याशिवाय सा रे ग म शिकवणं व्यर्थ आहे, कारण आरोह, म्हणजे खालून वर चढत जाणारे स्वर, म्हणताना मूल फक्त घसा ताणत जातं.

हा गोंधळ सोडवायला नळ आणि हंडा यांच्याइतकं चांगलं साधन मला सापडलेलं नाही. हंडा नळाखाली लावला की आधी घोगरा, खालचा आवाज येतो. पाणी चढेल तसा तो वर वर जातो, आणि शेवटी शेवटी तर झरझर चढतो. आत भाकऱ्या थापणाऱ्या बाईला तेवढ्यावरून कळतं की हंडा भरत आला, आणि ती उठते. मुलाला हंड्याशेजारी बसवा. डोळे मिटून, आवाज चढेल तसा हात जमिनीपासून वर न्यायला सांगा. नळाची धार तीच, म्हणजे आवाजाचा जोर फारसा बदललेला नाही, तरी काहीतरी वर चाललंय. हे “काहीतरी” म्हणजेच उच्चनीचता. त्याचं नाव सांगायची घाई करू नका.

का चढतो आवाज? हंड्यातल्या रिकाम्या जागेत हवेचा एक स्तंभ असतो. पाणी पडताना ही हवा घुमते. स्तंभ लांब असला की थरथर सावकाश होते, आखूड झाला की भराभर. पाणी वर येतं तसा हवेचा स्तंभ आखूड होत जातो, म्हणून सूर चढतो. बासरीवादक एकेक बोट उचलतो तेव्हाही हेच घडतं.

आता गंमत पुढे आहे. काचेच्या एकसारख्या दोन बाटल्या घ्या, एकीत थोडं पाणी, दुसरीत जास्त. तोंडाशी ओठ टेकवून आडवी फुंकर मारली तर जास्त पाण्याची बाटली वरचा सूर देते. त्याच बाटल्यांवर चमच्याने टिचकी मारली तर उलटं होतं : जास्त पाण्याची बाटली खालचा सूर देते. मुलं हे पाहून चक्रावतात, आणि सहा-सात वर्षांची असतील तर वादही घालतात. घालू द्या. फुंकरीत थरथरते ती आतली हवा, आणि पाणी वाढलं की हवा कमी झाली. टिचकीत थरथरते ती काच, आणि तिला चिकटलेलं पाणी तिच्याबरोबर ओढावं लागतं. ओझं वाढलं की थरथर मंदावते. जलतरंग लावणारा कलाकार म्हणूनच वाटीत पाणी घालतो तेव्हा सूर उतरतो आणि काढतो तेव्हा चढतो.

पावसाळ्यात परसातल्या भोपळ्याच्या वेलाकडे चला. पानाचा देठ आतून पोकळ असतो. पानाकडचं टोक बंद राहील असा देठ कापायचा, वरची लव फडक्याने पुसून काढायची, बंद टोकाजवळ उभी चीर पाडायची आणि तो भाग तोंडात धरून फुंकायचं. पहिल्या फुंकरीला बहुतेकांना आवाज निघत नाही. चीर जरा लांबवली की निघतो. चिरेच्या दोन कडा एकमेकींवर थडकतात, सनईच्या पत्तीचं कामही असंच चालतं. आता तीन मुलांना तीन लांबीचे देठ द्या. लांब देठ भोंगा वाजवतो, आखूड देठ किंचाळतो. मग एकाच देठाचं उघडं टोक थोडं थोडं कापत जा. दर कापाला सूर चढतो, आणि साताऱ्याच्या शाळेतलं कुठलंही पोर इथे ओरडतंच, “बाई, ह्याचा आवाज वर चाललाय!” तेव्हा मी म्हणते, “जोरात झाला का रे?” क्षणभर विचार करून ते मान हलवतं. तो गोंधळ तिथे सुटलेला असतो. पपईच्या देठाचीही पिपाणी होते, पण त्याचा चीक तोंडाला लागतो, म्हणून लहान मुलांना मी ती देत नाही.

पक्ष्यांकडून हाच धडा घेता येतो. चैत्र-वैशाखात कोकीळ ओळीने कुहूकुहू करतो तेव्हा त्याची प्रत्येक हाक आधीच्या हाकेहून जरा चढी असते, आणि एका टोकाला पोचून तो थांबतो. मुलांना बोटाने हवेत तो जिना काढायला लावा. गाणारा काळाभोर पक्षी नर असतो. ठिपक्यांची तपकिरी मादी नुसतं किक् किक् करते, हे सांगितलं की मुलं झाडात दोघांना शोधू लागतात, आणि शोधता शोधता पुन्हा ऐकतात.

जवळ, दूर, आणि आवाजाला लागणारा वेळ

लहानमोठेपणा शिकवायला फार कष्ट नाहीत. एकाने थाळी वाजवत मैदानाच्या टोकाकडे चालत जावं, बाकीच्यांनी ऐकावं. जोर कमी होत जातो, सूर तोच राहतो. एवढं पुरे.

मात्र घाटावर गेलात तर एक गोष्ट जरूर दाखवा. संगम माहुलीला किंवा वाईला, सांगलीला कृष्णेच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत असेल तर नीट बघायला सांगा. कापड दगडावर आदळलेलं आधी दिसतं, आवाज मागून येतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पात्र १७० मीटर रुंद असेल तर तो अर्ध्या सेकंदाने पोचणार. सहा वर्षांच्या मुलाला आकडा नको, पण आवाजाला यायला वेळ लागतो ही गोष्ट त्याला स्वतःच्या डोळ्या-कानांनी कळते, आणि विजेनंतर गडगडाट उशिरा का येतो हेही मग ते आपणच जोडून घेतं.

साताऱ्यापासून जवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, शाहू महाराजांच्या काळात बांधलेली ही अष्टकोनी दगडी विहीर सुमारे ५० फूट रुंद आहे. मुलांना तिथे न्यायचं तर प्रत्येक दोघांमागे एक मोठं माणूस हवं आणि काठावर कुणीही वाकायचं नाही, हे आधी. पायऱ्या उतरून आत गेलं की बोलणं घुमायला लागतं. एकदाच टाळी वाजवा. डोंगरासमोर हाक मारली की हाक सुटी होऊन परत येते, इथे तसं होत नाही. ५० फूट म्हणजे १५ मीटर. समोरच्या भिंतीला लागून टाळी परत यायला सेकंदाचा अकरावा भागही लागत नाही, आणि एवढ्या कमी अंतराने आलेले दोन आवाज आपल्या कानाला वेगळे करता येत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात आणि आवाज लांबतो. भिंत साधारण १७ मीटरच्या पुढे गेली की प्रतिध्वनी सुटा ऐकू येऊ लागतो. इथे मुलांना एखादा लांब “आ” लावायला सांगा. एरवी लाजणारं मूलही या विहिरीत गातं, कारण भिंती त्याचा आवाज भरून परत देतात. देवळाच्या गाभाऱ्यात अभंग म्हणताना मोठ्यांना जे सुख मिळतं, त्याचं कारणही हेच.

पानांची बोली आणि तबल्याचे बोल

नादाची जात शिकवण्यासाठी मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो खेळ अगदी साधा आहे. मुलाचे डोळे रुमालाने बांधायचे, हात धरून चालवायचं आणि पायाखाली काय आहे ते आवाजावरून ओळखायला लावायचं. उसाचं वाळलेलं पाचट, ओली माती, मुरूम, सागाची पानं, फरशी. दोन-तीन वेळा झालं की मुलं चपलांवरून एकमेकांनाही ओळखतात. मग झाडाखाली बसायचं. पिंपळाचं पान लांब, सडपातळ देठावर लोंबतं, म्हणून अंगाला वारा जाणवत नसतानाही पिंपळ सळसळतो. शेजारच्या बाभळीचं पान इतकं बारीक की ती जवळजवळ गप्प असते. शिरीषाच्या वाळल्या शेंगा उन्हाळ्यात खुळखुळतात. गुलमोहराची मोठी शेंग तर आयतं वाद्य आहे, हातात धरून हलवली की झालं.

ऐकलेल्या प्रत्येक आवाजाला मुलांना नाव पाडायला सांगा. मराठी मूल या बाबतीत श्रीमंत घरात जन्मलेलं असतं. सळसळ, खळखळ, किणकिण, घणघण, टपटप, रिपरिप, खुळखुळ हे त्याच्याकडे आधीच असतं, आणि जिथे शब्द नसेल तिथे ते नवा करतं. पाचटावरच्या पावलांना एका मुलीने “खर्रप” म्हटलं होतं, सगळ्या वर्गाने तो शब्द उचलला. मुलं आवाजाला अक्षरं देतात तेव्हा ती एक फार जुनं काम करत असतात. तबल्याची सगळी भाषा अशीच बनलेली आहे. ना, ता, धा, घे, तिरकिट ही त्या त्या आघाताचा आवाज तोंडाने उच्चारलेली अक्षरं आहेत, आणि तबला शिकणारा आधी ती म्हणतो, मग वाजवतो. दोन-चार महिने आवाजांना नावं पाडलेल्या मुलासमोर तबल्याचे बोल आले की त्याला ते परके वाटत नाहीत.

या नावांची चित्रं काढता येतात. जमिनीवर कोळशाने किंवा खडूने : टपटपला ठिपके, सळसळला लाटा, घंटेला जाड सुरुवात आणि बारीक होत जाणारी लांब रेघ. मग एकाने काठी ठेवत डावीकडून उजवीकडे जायचं आणि बाकीच्यांनी चित्र तोंडाने “वाजवायचं”. संगीत लिहिता-वाचता येतं, ही कल्पना इथे मुलाला पहिल्यांदा भेटते.

घंटेवरून आणखी एक खेळ. देवळातली घंटा एकदाच वाजवायची, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि आवाज पूर्ण संपला असं वाटेल तेव्हा हात वर करायचा. हात वेगवेगळ्या वेळी वर जातात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत मुलं जास्त वेळ थांबू लागतात, कारण आवाज आधी वाटला होता त्याच्या बराच पुढे जातो, हे त्यांना कळलेलं असतं. पुढे तंबोऱ्याच्या सुरात स्वतःचा सूर मिसळायचा तर हेच लक्ष लागतं.

चाल

लय मुलाच्या अंगात असते असं आपण सहज म्हणतो. अंगात चाल असते हे खरं, पण दुसऱ्याच्या लयीशी जुळवून घेणं शिकावं लागतं. लहान मुलाची स्वाभाविक गती मोठ्या माणसापेक्षा जलद असते. आपण संथ टाळी वाजवून “माझ्याबरोबर वाजव” म्हणतो, आणि मूल पुढे पळतं. ते चुकत नसतं, त्याचं शरीर तेवढंच भराभर चालतं. म्हणून सुरुवातीला त्याच्या चालीला आपण टाळी द्यायची. ते पळालं तर टाळी पळवायची, थांबलं तर थांबवायची. मूल आपल्या पावलांचा आवाज दुसऱ्याच्या हातात ऐकतं, आणि मग उलटा खेळ करता येतो.

जर्मनीत लायप्झिगच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांनी ढोल वाजवायचा होता, कधी समोर बसलेल्या माणसाबरोबर, कधी वाजणाऱ्या यंत्राबरोबर, कधी नुसत्या स्पीकरमधल्या आवाजाबरोबर. माणूस सोबत असला की मुलांची लय चांगली जुळली, अगदी अडीच वर्षांच्या मुलांचीसुद्धा. मोबाइलवर ताल लावून मुलाला समोर बसवणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

आणि सोबतीने चालण्या-वाजवण्याची आपल्या भागात काय कमतरता आहे? ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण अशी आपल्या जिल्ह्यातून जाते. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं. दिंडीतली पावली बघा : टाळ, मृदंग, पाऊल आणि नाव एकाच ठेक्यात. गर्दीतून जरा बाजूला, बांधावर मुलाला उभं करा आणि पायाने साथ करू द्या. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मोजायला शिकवू नका, त्या पायांत उतरू द्या. माण, खटाव, जत, आटपाडीकडे धनगरांच्या गजी नाचाचा ढोल आहे, त्यात लय सावकाश सुरू होऊन कशी चढत जाते ते उघड दिसतं. सांगली-कऱ्हाडकडे ऊसतोडीच्या दिवसांत बैलगाड्यांच्या घुंगरमाळा ऐकवा. भरलेली गाडी ओढताना बैल संथ चालतात, घुंगरांचे ठोके दूर दूर पडतात. रिकामी गाडी परतते तेव्हा घुंगरं दाट होतात. विलंबित आणि द्रुत हे शब्द मुलाला पुढे कधीतरी भेटतील, तेव्हा ते बैल त्याला आठवतील.

रात्री अंगणात झोपायची सोय असेल तर रातकिडेही लयीचा धडा देतात. नर किडा पंखावर पंख घासून आवाज करतो, आणि उबेत त्याची गती वाढते, थंडीत मंदावते. श्रावणात ऐकलेली किरकिर मार्गशीर्षात पुन्हा ऐकायला लावा.

गप्प बसणं, आणि कानांची काळजी

कॅनडातले संगीतकार मरे शेफर यांनी १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी “कान साफ करण्याचे” पाठ सुरू केले. बसा, ऐका, जे ऐकू येईल ते सगळं लिहा. आपल्या लहान मुलांना लिहिता येत नाही, म्हणून कागदावर मधोमध एक ठिपका, तो म्हणजे मी, आणि आवाज जिकडून आला तिकडे त्याचं चित्र. जवळचा जवळ, लांबचा लांब. पाच वर्षांचं मूल दोन मिनिटं बसलं तरी भरपूर. पहिल्या वेळी चित्रात गाड्या आणि कुत्री असतात. काही आठवड्यांनी त्यात पाखरं येतात, कुणाच्या तरी घरची शिट्टी येते, स्वतःचा श्वास येतो.

मुलांना शिकायला रानात न्यायचं हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. गुरं चरतात तिथेच शाळा भरायची. महाराष्ट्रात ही वाट त्यांनी आधीच घालून दिलेली आहे, आपण ती फक्त संगीतापर्यंत न्यायची.

इथेच एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या वर दीर्घकाळ राहिलेला आवाज त्यांना इजा करतो, आणि मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपाशी आवाज त्याच्या कितीतरी पुढे असतो. कायद्याने वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शाळेभोवतीचा १०० मीटरचा पट्टा तर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तरी तान्ह्या मुलांना खांद्यावर घेऊन माणसं त्या भिंतीसमोर उभी असतात. कृपा करून मूल तिथून दूर न्या. हवं तर ढोल-ताशा लांबून ऐकवा. मुलाला संगीत यावं ही इच्छा खरी असेल तर त्याचे कान आधी वाचवायला हवेत.

मग सूर

नारदीय शिक्षा या जुन्या ग्रंथात सात स्वरांना सात प्राण्यांचे आवाज जोडले आहेत : षड्जाला मोर, ऋषभाला बैल, गंधाराला बकरी, मध्यमाला क्रौंच, पंचमाला कोकीळ, धैवताला घोडा, निषादाला हत्ती. मुलांना ही यादी फार आवडते. पण कोकिळाचा आवाज म्हणजे नेहमी पंचम असं मात्र शिकवू नका. स्वर हा एकटा नसतोच, तो सा पासून मोजलेला असतो. सा सेकंदाला २४० आंदोलनांचा, म्हणजे २४० थरथरींचा धरला तर पंचम ३६० चा आणि वरच्या सप्तकातला तार सा ४८० चा. सा बदलला की सगळे बदलले. म्हणून पहिल्यांदा मुलाच्या कानात घालायचा तो न हलणारा सा. त्यासाठी तंबोरा.

आपल्या जिल्ह्यांचं भाग्य असं की मिरज इथेच आहे. तिथे दीडशेहून अधिक वर्षं सतारी आणि तंबोरे घडतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, आणि तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. सतारमेकरांच्या दुकानांत रांगेने टांगलेले वाळलेले भोपळे पाहिले की ज्या मुलांनी देठाची पिपाणी वाजवलेली असते, त्यांचे डोळे चमकतात. भोपळ्यावर टिचकी मारून बघायची परवानगी मागा. मोठा भोपळा खालचा आवाज देतो, लहान वरचा. हे ती कुणी न सांगता ओळखतात. घोडीवर, म्हणजे तार ज्या पट्टीवर टेकते तिच्यावर, तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावताना, म्हणजे तारेची झणकार जुळवताना, कारागीर आवाज कसा उघडतो, हे मोठ्या मुलांना दाखवा. तार तीच, सूर तोच, आणि तरी आवाजाची जात बदलते.

पेटीबद्दल माझं म्हणणं एवढंच. पट्टी दाबली की सूर तयार मिळतो, कानाला शोधायला काही उरत नाही. शिवाय पेटीचे सूर समान अंतरांवर बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. ज्याचा कान आधी तयार झाला आहे, त्याला पेटी छान साथ देते. पहिली शिक्षिका म्हणून ती पुरत नाही.

शिक्षकांसाठी थोडं व्यवहाराचं. एका वेळी आठ-दहा मुलांहून जास्त नकोत. वीस मिनिटं बाहेर, मग सावलीत बसून गाणं. एका फेरीला एकच गुण घ्या, आज फक्त वर-खाली, पुढच्या वेळी फक्त जवळ-दूर. “हा कसला आवाज?” असं परीक्षकासारखं विचारू नका, “मला हा असा ऐकू आला, तुला कसा आला?” असं विचारा. श्रवणदोष असलेलं मूल असेल तर त्याला घंटेवर, ढोलाच्या पुडीवर तळहात ठेवू द्या, थरथर त्याच्या हातातून जाते. आणि तीन-चार फेऱ्यांनंतरही एखादं मूल हाकेला दाद देत नसेल किंवा सतत एकच कान पुढे करत असेल, तर पालकांना सांगून कानाच्या डॉक्टरांकडे पाठवा.

वर्षभरानंतर क्लास निवडताना गुरुजींना दोन प्रश्न विचारा. सुरुवातीच्या दिवसांत मुलाला नुसतं ऐकायला किती वेळ बसवता? आणि प्रत्येक मुलाचा सा वेगळा धरता का, की सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावता? दुसऱ्या प्रश्नावर गुरुजी थांबून मुलाकडे वळले आणि म्हणाले, “बाळ, जरा गा बघू,” तर तिथे घाला.